तळघरातली मतं

आमच्या ईस्ट थॉर्नबीत बाहेरून आलेल्या माणसाला गावातलं व्हायला किती वर्षं लागतात, असं एकदा पोस्टाच्या खिडकीत कोणीतरी मला विचारलं. मी म्हटलं, तुमचं काही खरं नाही, नातवंडांचं बघू. लिओना टटल आली ती जेमतेम दोन टेकड्या ओलांडून, पलीकडच्या दरीतून, शाळेवर मास्तरीण म्हणून. इथे तिने मर्ल टटलशी लग्न केलं, त्याच्या गाईंच्या धारा काढल्या, चार पोरं वाढवली, चर्चमधला ऑर्गन वाजवला. तरी तिचं नाव निघालं की लोक म्हणायचे, "ती होय, मर्लची बायको. बाहेरची." व्हरमाँटची माणसं आम्ही. एकदा एक गोष्ट डोक्यात बसली की ती काढायला पहार लागते.

मी तेव्हा गावचं पोस्ट सांभाळायचे. कोणाचं कोणाशी पटत नाही हे पाकिटं न उघडताही मला कळायचं. लिओनाचं सगळ्यांशी पटायचं आणि सगळ्यांशी भांडणही व्हायचं. उंच, हाडापेराने मजबूत बाई. हसायला लागली की माझ्या खिडकीची काच थरथरायची. भांडण तोंडावर करायची आणि संपलं की लगेच म्हणायची, "चल डोरिन, कॉफी टाक." माझा नवरा गेला त्या हिवाळ्यात ती रोज यायची. सांत्वन वगैरे काही करायची नाही. यायची, चूल पेटवायची, माझ्याशी कशावरून तरी वाद घालायची आणि जायची. तिच्याशी वाद घालायचा म्हणून मी सकाळी उठायला लागले, हे तिला कधी सांगितलं नाही, पण तिला ठाऊक असणार.

आता रस्त्याचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. मार्च उलटला की आमच्याकडे बर्फ वितळतो आणि मातीच्या रस्त्यांची लापशी होते. लिओनाची थोरली मुलगी, तिचं नावच एप्रिल, अशाच लापशीत जन्मली. दवाखान्यात नाही, घरात नाही, टॅनरी टेकडीच्या चढावर. गाडी आसापर्यंत रुतली होती. मर्ल ओढायला घोडे मागायला धावत गेला, आणि परत येऊन बघतो तर गाडीत एकाची दोन माणसं झालेली. पोर ठणठणीत, आई ठणठणीत. लिओना त्याला म्हणाली, "बरं झालं दोन घोडे आणलेस. आता आम्हा दोघींना वर ओढ."

बाळंतपणातून उठल्यावर ती पंचांकडे गेली. आमच्या गावाला तीन पंच असतात. रस्ते, पूल, बर्फ काढणं, सगळं त्यांच्या हातात. मुख्य पंच होता हॉलिस टटल, म्हणजे मर्लचा थोरला भाऊ, हिचा दीर. माणूस वाईट नव्हता, नाहीतर गावाने त्याला वर्षानुवर्षं कशाला निवडला असता? पण खडीची पहिली गाडी त्याच्या दारावरून जायची आणि बहुतेक वेळा तिथेच रिकामी व्हायची.

"लिओना," तो म्हणाला, "चिखल देवाने केलाय. मे महिन्यात आपोआप जातो."

"पोरंही देवानेच केलीत हॉलिस. ती मेपर्यंत थांबत नाहीत."

यावर हॉलिस हसला. सगळं गाव हसलं. खडी मात्र आली नाही. पुढच्या वर्षी ती परत गेली, त्याच्या पुढच्या वर्षीही गेली. पालथ्या घड्यावर पाणी. पोरं मोठी झाली, घर सोडून गेली, आणि एका शरद ऋतूत सफरचंदं सोलता सोलता लिओना मला म्हणाली, "डोरिन, मागून काही होत नाही. मी पंचाच्या जागेला उभी राहते."

आमच्या गावात बाई कधी पंच झाली नव्हती. कोणी उभीही राहिली नव्हती. मी सुरी खाली ठेवली.

"मर्लला विचारलंस?"

"विचारलं. हो म्हणाला."

"काय म्हणाला नेमकं?"

"हं म्हणाला."

मर्लचं "हं" म्हणजे दुसऱ्या कोणाचं तासभराचं भाषण. दाणे-वैरणीच्या दुकानात मात्र पुरुषांच्या तोंडाला आयतं खाद्य मिळालं. एल्डन ब्रिग्ज म्हणून हॉलिसचा जिगरी दोस्त होता. तो भर दुकानात तिला म्हणाला, "बाई पंच झाली तर गावच्या पुलाला झालरीचे पडदे लावेल." लिओनाने शांतपणे आपलं पोतं खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "पडदे तू लाव एल्डन, तुला हौस दिसते. मी आपली खडी टाकते."

आमची गावसभा मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरते. सभागृह वर, स्वयंपाकघर खाली तळघरात. सकाळभर वर हमरीतुमरी चालते, दुपारी सगळं गाव एकत्र जेवतं आणि जेवणानंतर उरलेलं भांडण. जेवण गावातल्या बायका करतात. हॅम, भट्टीत रात्रभर ठेवलेल्या बीन्स, पाव, कोबीची कोशिंबीर, आणि गोड म्हणून ज्याच्या त्याच्या घरून आलेले केक. लहान पोरं असलेल्या काही जणी आणि शाळेची नवी मास्तरीण तेवढ्या वर बसायच्या. बाकी आम्ही सगळ्या खाली.

मग आम्ही मत कसं द्यायचो? तळघरातल्या मोठ्या चुलीच्या बरोबर वर, सभागृहाच्या जमिनीत एक लोखंडी जाळी आहे, ऊब वर जावी म्हणून बसवलेली. सभेचा अध्यक्ष वॉरन पीज. धंद्याने प्रेतं पुरणारा, त्याचा आवाज कबरस्तानाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला पोचणारा. तो वरून विचारायचा, "या ठरावाच्या बाजूने कोण?" आणि आम्ही खालून, हातात डाव, तोंड वर करून ओरडायचो, "हो." आमच्या आया असंच करायच्या, त्यांच्या आया असंच करायच्या. बूला मावशी नव्वदीला टेकली होती. सगळ्या गावाची मावशी, बीन्सची मालकीण. ती तर स्टुलावर चढून ओरडायची.

आणखी एक रीत म्हणजे, ज्याच्या नावावर मतदान चालू आहे त्याने सभागृहात थांबायचं नाही. हॉलिस पोर्चमध्ये जाऊन पाइप ओढायचा. लिओना सरळ खाली यायची आणि हॅम कापायला लागायची. त्या वर्षी वर वॉरनने विचारलं, हॉलिस टटल? पुरुषांचा गडगडाट. लिओना टटल? आम्ही घसे फोडून ओरडलो, भिंतीवरची भांडी वाजायला लागली. आणि वरून वॉरनचा आवाज आला, "बहुमत हॉलिसच्या बाजूने."

पहिल्या वर्षी वाटलं, चालायचंच. दुसऱ्या वर्षी आम्ही आणखी जोर लावला, पुन्हा तेच. खाली सगळ्या संतापल्या.

"वॉरनने मुद्दाम केलं," मी म्हटलं.

"मुद्दाम नाही गं," बूला मावशी म्हणाली. "आयुष्यभर मेलेल्यांत राहिला. जित्यांचा आवाज त्याला कुठून ऐकू येणार?"

सगळ्या हसल्या. लिओनाही हसली, पण त्या दिवशी काचा थरथरण्याइतकी नाही. हॅमचे तुकडे ताटात लावत राहिली.

तिसऱ्या वर्षी, एकोणीसशे त्र्याहत्तर साली, सभेच्या आदल्या दिवशी ती पोस्टात आली आणि खिडकीला कोपर टेकून उभी राहिली. "यंदा शेवटचं," ती म्हणाली. "उद्या नाही म्हणाले तर मी पुन्हा उभी राहणार नाही. माणसाने एका दारावर किती वेळा टकटक करायची? मला वाटायचं, या लोकांनी मला आपलं म्हटलंय, फक्त तोंडाने कबूल करत नाहीत. पण ते सगळे मिळून मोठ्याने नाहीच म्हणताहेत, डोरिन. मी खाली उभी राहून ऐकते ना."

मी तिला विनाकारण दोन तिकिटं दिली. तिने विनाकारण घेतली.

सभेच्या दिवशी सकाळपासून ओला बर्फ पडत होता. खाली आमची नेहमीची धांदल, कोणाला सुरी सापडत नाही, कोणाचा केक गाडीत कलंडलेला. बूला मावशी म्हणाली, "डोरिन, वर जा आणि वॉरनला विचार जेवायला कधी सोडणार. बीन्स झाल्या की मी कोणासाठी थांबत नाही." दरवर्षी कोणीतरी हे विचारायला जायचं, पण खूप आधी. त्या वर्षी केकच्या भानगडीत उशीर झाला होता. मी जिना चढून मागच्या दाराने सभागृहात शिरते तोच वॉरनने हातोडा आपटला आणि पंचाचं मतदान पुकारलं. हॉलिस पोर्चकडे निघाला. लिओना माझ्या बाजूने खाली गेली. मी होते तिथेच भिंतीला चिकटून उभी राहिले.

"हॉलिस टटल?" गडगडाट.

"लिओना टटल?"

आणि वर काय ऐकू आलं म्हणता? पोरंवाल्या बायांचे पातळ आवाज, मास्तरणीचा एक खणखणीत "हो," तीन-चार पुरुष. संपलं. मी वाट बघतेय की आता खालचा आवाज येईल. आला नाही. मग माझ्या पायाशी काहीतरी कुरकुरल्यासारखं वाटलं, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या करतात तसं. मी खाली बघितलं. माझ्या पायाशी कोटांचा ढीग होता. गावातल्या यच्चयावत पुरुषांनी बर्फाने भिजलेले लोकरीचे कोट वाळायला टाकले होते, सगळ्यात ऊब असलेल्या जागी. जाळीवर.

दरवर्षी तिथेच टाकायचे. मीही जेवणानंतर वर आले की तोच ढीग बघायचे. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी वाकले आणि दोन्ही हातांनी ढीग ओढून बाजूला केला.

"लिओना," असा आवाज जमिनीतून उसळला की पुढच्या बाकावरचा एल्डन ब्रिग्ज उठूनच उभा राहिला. खालच्या बायकांचं एकदा ओरडून भागलं नव्हतं, त्या दुसऱ्यांदा ओरडत होत्या. पाठोपाठ भर सभेत बूला मावशीचा आवाज आला, "बहिरट आहे मेला. अगं माझा डाव कुणी नेला?"

वॉरनने चष्मा सारखा केला. "बहुमत हॉलिसच्या..."

"थांब वॉरन," मी म्हटलं.

"डोरिन, अध्यक्षांना थांब म्हणत नाहीत."

"बरं. अध्यक्षमहोदय, थांब. खाली ज्या बायका आहेत त्या मतं देताहेत. वर्षानुवर्षं देताहेत. तुमच्या कोटांना."

आधी कोणी हसलं, मग बरेच हसले, आणि मग लोकांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडायला लागला. वॉरनचा चेहरा मी विसरणार नाही. प्रामाणिक माणूस होता तो. त्याने जाळीकडे बघितलं, मग मनातल्या मनात मागच्या सगळ्या सभा मोजत असल्यासारखा छताकडे बघत राहिला.

एल्डन म्हणाला, "अध्यक्षमहोदय, त्या स्वयंपाकात आहेत. सभेत नाहीत."

"एल्डन," वॉरन म्हणाला, "आजचं जेवण कोणाचं?"

"सभेचं."

"तळघर कोणाचं?"

"गावाचं."

"मग सभा तिथेही चालू आहे. खाली बस." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पण डोरिन, जमिनीतून आलेलं मत मला मोजता येत नाही. माणूस समोर दिसायला हवं."

"मग चिठ्ठ्या टाका."

चिठ्ठीवर मतदान हवं असेल तर सात जणांनी हात वर करावे लागतात, असा नियम. माझा हात वर होताच. मास्तरणीने केला. पोरंवाल्या तिघींनी केला, एकीने तर पोराचाही हात वर धरला, पण वॉरनने तो मोजला नाही. मग म्हातारा क्लाइड, ज्याला कुठल्याही मतदानाची मजा वाटायची. झाले सहा. मी सभागृहावरून नजर फिरवली. सगळे, मघाशी "हो" म्हणालेलेसुद्धा, आपापल्या बुटांकडे बघत होते. हॉलिसचे मित्र, हॉलिसचे शेजारी, हॉलिसचं देणं-घेणं असलेले. कोणालाच वाईटपणा घ्यायचा नव्हता.

शेवटच्या बाकावर मर्ल बसला होता. सख्खा भाऊ बाहेर पोर्चमध्ये, बायको खाली. उभ्या जन्मात त्याने गावसभेत हात वर केला नव्हता, ना बाजूने ना विरुद्ध. तो उठला, टोपी काढली आणि हात वर केला. नुसता वर केला नाही, धरूनच ठेवला, वॉरनने "सात" म्हटल्यावरसुद्धा.

मी जिना उतरले की घसरले मला माहीत नाही. खाली सगळं सांगितलं.

"म्हणजे," बूला मावशी म्हणाली, "बायकांना मत मिळालं तेव्हापासून मी कोटांना मत देतेय?"

"हो मावशी."

"कुणाचा कोट आहे सगळ्यात वर? त्याला बघते मी."

लिओना बटाट्यांच्या खोक्यावर बसली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "म्हणजे ते सगळे नाही म्हणत नव्हते," ती म्हणाली. "त्यांना ऐकूच आलं नव्हतं."

"ते आता वर जाऊन बघू. चला, उठा सगळ्या."

"आणि बीन्स?"

"खड्ड्यात गेल्या बीन्स."

"असं कसं म्हणतेस? दोनशे माणसं जेवायची आहेत." खरंच सांगते, ही बाई तिथेच बसून राहिली असती. आयुष्यभराची तिची इच्छा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी, आणि हिचा जीव बीन्समध्ये. तेवढ्यात मर्ल खाली आला. त्याने तिच्या हातातला डाव काढून घेतला.

"मी बघतो," तो म्हणाला.

"तुला यातलं काय कळतं?"

"हं," मर्ल म्हणाला आणि चुलीकडे तोंड करून उभा राहिला.

मग आम्ही निघालो. जिन्यावर रांग लागली, कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या कोपराला कोबी. वॉरनने जाहीर केलं होतं की रांगेत शेवटची बाई उभी आहे तोवर पेटी बंद होणार नाही. स्टुलावर चढणाऱ्या बूला मावशीला जिना मात्र चढवेना. तिने खालून हाक मारली, "एल्डन ब्रिग्ज, इकडे ये. तूच म्हणालास ना मी सभेत नाही? आता मला सभेत ने." एल्डन आला. दुसऱ्या एकाला धरून त्याने तिला खुर्चीसकट उचललं. चढताना ती त्याला सांगत होती की तू लहानपणीही असाच धापा टाकायचास. पेटीपाशी खुर्ची टेकवली. मावशीने पेन्सिल घेतली, नाव लिहिलं, चिठ्ठी टाकली आणि पेटीवर हात ठेवून जरा वेळ तशीच बसली. मागे रांग खोळंबली होती, पण कोणी घाई केली नाही. एल्डनने खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं.

इतक्यात हॉलिस पाइप विझवून आत आला. दारातून जिन्यापर्यंत बायकांची रांग बघून खूश होऊन म्हणाला, "वा, जेवायची रांग लागली का?"

"नाही," मी म्हटलं, "तुझ्या खुर्चीची."

लिओना सगळ्यांत शेवटी आली. पेन्सिल हातात धरून इतका वेळ उभी राहिली की मी जवळ गेले.

"काय झालं गं?"

ती माझ्या कानाशी म्हणाली, "मागच्या दोन्ही वेळा मी हॉलिसच्या नावाला ओरडले होते."

"काय?"

"स्वतःचं नाव घेणं बरं दिसत नाही, डोरिन. माझ्या आईने शिकवलं होतं, वाढणाऱ्याने दिलं तेवढंच घ्यावं, आणखी मागू नये."

मी कपाळाला हात लावला. "आणि आज?"

तिने चिठ्ठीवर लिहिलं, घडी घातली आणि पेटीत टाकली. "आज मागितलं," ती म्हणाली. ती हसत होती.

मोजणी चालली तेव्हा खालून करपल्याचा वास यायला लागला. तरी कोणी जागचं हललं नाही. वॉरनने दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा गावच्या कारकुनाकडून मोजून घेतलं आणि मग उठून उभा राहिला. आयुष्यभर लोकांना वाईट बातमी देण्याची त्याला सवय, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळेना.

"एकोणीस मतांच्या फरकाने," तो म्हणाला, "लिओना टटल."

मला पुढचं नीट आठवत नाही. मी कोणाला तरी मिठी मारली, नंतर कळलं तो क्लाइड होता. मास्तरीण बाकावर उभी राहिली होती. बूला मावशी डाव नाही म्हणून काठी आपटत होती. हॉलिस पंचांच्या टेबलामागच्या आपल्या खुर्चीपाशी गेला. त्याने खुर्ची मागे ओढली, बसला मात्र नाही.

"ये," तो लिओनाला म्हणाला. "खरं सांगू? मला केव्हाचा कंटाळा आला होता. पण कोणी ऊठ म्हणेना, आणि आपणहून उठायला लाज वाटत होती."

"हे आधी सांगायचंस की," लिओना म्हणाली. "माझी तीन वर्षं वाचली असती."

तिने तिथेच हात वर करून शपथ घेतली, आणि मग वॉरनने जेवणाची सुट्टी दिली. लांब टेबलं लागली. पुरुष खालून भांडी वर आणत होते, सांडत होते, एकमेकांना रागे भरत होते. हॅम ठीक होता. बीन्सचं काय सांगू, वरचा थर बरा होता असं म्हणू. आमच्याकडे रीत अशी की पहिली तीन ताटं पंचांपुढे ठेवतात, आणि त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय सभागृहात कोणी काट्याला हात लावत नाही. मर्लने स्वतः लिओनाचं ताट आणलं. त्याच्या भुवया चुलीच्या आचेने अर्ध्या झाल्या होत्या. त्याने ताट तिच्यापुढे ठेवलं आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

दुसऱ्या दोन पंचांनी काटे उचलले आणि हिच्याकडे बघत थांबले. लिओना उठायला लागली. "सगळ्यांना मिळालं का? मागच्या टेबलावर पाव कमी..."

"लिओना," वॉरन म्हणाला, "बस."

ती बसली. तेव्हा तिच्या लक्षात आलं. सगळं गाव ताटं पुढे घेऊन तिच्याकडे बघत होतं. हॉलिस, एल्डन, पोरंवाल्या बायका, दुकानात पडद्यांचे विनोद करणारे झाडून सगळे. टटलांच्या घरात सून होऊन आल्यापासून दर सभेला ती सगळ्यांत शेवटी जेवली होती, मोरीपाशी उभ्याने, भांड्याच्या तळाशी जे राहील ते. आणि आज ती खाईपर्यंत कोणी खाणार नव्हतं.

तिचे डोळे भरून आले. काटा हातात, पण हात हलेना. माझेही भरले होते, उगाच खोटं कशाला बोलू.

"अगं खा बाई," बूला मावशी म्हणाली. "आम्हाला भुका लागल्यात."

लिओनाने करपलेल्या बीन्सचा एक घास घेतला, चावला, गिळला आणि मान मागे वळवली. "मर्ल, या जळाल्यात."

"हं," मर्ल म्हणाला.

ती हसायला लागली, गालांवरून पाणी वाहत असताना तिचं ते काचा थरथरवणारं हसू, आणि हसता हसता तिने दुसरा घास घेतला. मग आम्ही सगळ्यांनी काटे उचलले.